सात चाळीसची हजेरी

सकाळी सात चाळीसला माझी जीभ अजून आपोआप हलते. मी गॅसपाशी असेन, अंगणात असेन, भाजीवाल्याशी भांडत असेन. सात चाळीस झाले की तोंडातून हळूच "शे" निघतं. आमच्या अहिराणीत शे म्हणजे आहे. समोरचा विचारतो, "काय शे?" आता त्याला काय सांगू? रेडिओची नोकरी सुटून मला दोन वर्षं होऊन गेली. विचारणारा माणूस राहिला नाही आणि मी मेली उत्तरं देत बसलेय.

विचारणाऱ्याला अख्खा जिल्हा जिभाऊ म्हणायचा. आमच्याकडे मानाच्या माणसाला असंच म्हणतात. त्यांचं खरं नाव मला ठाऊक आहे, पण ते त्यांच्या अंगाला कधी बसलं नाही, म्हणून सांगत नाही. त्यांचा चिंचोक्यांचा डबा माझ्याकडे आहे, फडताळात वरच्या फळीवर. त्यातले चिंचोके मी आजवर मोजलेले नाहीत. दोनदा डबा खाली काढला आणि दोनदा परत ठेवला. का ते सांगते, पण आधी माणूस सांगू द्या.

नंदुरबारात मिरचीच्या एका गोदामाच्या माडीवर आमचं एफएम स्टेशन होतं. दोन खोल्या, मधे काच. काचेच्या एका बाजूला माईक आणि दुसऱ्या बाजूला मी. गाणं लावायचं, जाहिरात लावायची, माईक उघडायचा, मिटायचा, एवढं माझं काम. हंगामात खाली पोती उघडली की वर शिंकांचा पाऊस. पाहुणे शिंकायचे, मी शिंकायची, एकदा एका पुढाऱ्याने मुलाखतभर नुसत्या शिंका दिल्या आणि लोकांनी फोन करून कळवलं की आजची मुलाखत झकास झाली. एकटे जिभाऊ शिंकायचे नाहीत. उलट माईकसमोर बसण्याआधी एक हिरवी मिरची मिठाला लावून कचाकचा खायचे. वर पाणी नाही. डोळ्यांतून धारा लागलेल्या, आणि म्हणायचे, "आवाजले धार लागनी."

वाळकी अंगकाठी, पांढरा पायजमा, आणि कान हे एवढे मोठे. बोलताना एक कान हाताने झाकायचे. स्टुडिओच्या बाहेर चपला काढल्या की वाकून त्या फिरवून ठेवायचे, तोंड जिन्याकडे. म्हणायचे, जाणाऱ्याची वाट आधी तयार पाहिजे.

पहिल्याच दिवशी आमचं वाजलं. सकाळचे सहा, स्टुडिओ रिकामा, मी स्वतः कुलूप काढलेलं. हे गृहस्थ आले, चपला फिरवल्या, आणि उघड्या दारावर टकटक करून बाहेरच उभे राहिले.

"जिभाऊ, आत कोणी नाहीये," मी म्हटलं.

"माहीत शे."

"मग या ना आत!"

"जो नही शे, त्याले बी उठाले येळ लागस, माय," ते शांतपणे म्हणाले. एक श्वास थांबले आणि मग आत गेले.

मला वाटलं, झालं, आपल्या नशिबी हा नमुना आला. घरी येऊन आईला सांगितलं तर ती हसायच्या ऐवजी हात जोडून मोकळी झाली. आमच्या वस्तीवर जिभाऊंचं वेडच होतं. सकाळी सहा ते दहा त्यांचा कार्यक्रम, तोही अहिराणीत. म्हसावदला कुणाची म्हैस सुटली, कुणा मयताची गंधमुक्ती, म्हणजे दिवसकार्य, कधी, केळीला पाणी कधी द्यायचं, कुठल्या नाल्याला पूर आलाय. मधे जुनी गाणी. आणि सात चाळीसला हजेरी.

ही हजेरी दुसऱ्या कुठल्या रेडिओवर झाली असेल असं मला वाटत नाही. जिभाऊंसमोर पत्र्याचे दोन डबे असायचे. उजव्या डब्यात चिंचोके. चाळीस-एक गावं, प्रत्येक गावाचा एक चिंचोका, आणि तोही त्याच गावच्या चिंचेचा. उजव्या डब्यातून एक चिंचोका उचलायचा, गावाचं नाव घ्यायचं. "धानोरा शे काऽ?" मग एक श्वास थांबायचं. मग चिंचोका डाव्या डब्यात. टक. "म्हसावद शे काऽ?" थांबायचं. टक. "प्रकाशा शे काऽ?" टक.

त्या एका श्वासात गावोगाव, घरोघर माणसं "शेऽ" म्हणायची. पोळ्या लाटणाऱ्या बायका म्हणायच्या, दात घासणारी पोरं तोंडातला फेस सांडत म्हणायची, बांधावर निघालेले बाप्ये मोबाईलवरचा रेडिओ कानाला लावून म्हणायचे. माझा बाप, ज्याने आयुष्यात कुणाला धड उत्तर दिलं नाही, तोसुद्धा म्हणायचा.

ही कल्पना त्यांना सुचली सारंगखेड्याच्या यात्रेत. घोडेबाजारात ते तरुणपणी माईकवर बसायचे, चुकलेल्या माणसांची नावं पुकारायला. म्हणायचे, "नाव पुकारं की मानूस येस. लवकर येस, नहीते उशिरा." एवढ्या भांडवलावर हा माणूस रेडिओत शिरला होता.

मी मशीनची माणूस. मला राहवायचं नाही. एकदा म्हटलं, "जिभाऊ, तुम्ही चिंचोका टाकायला थांबता ते कशासाठी? गावाचा आवाज इथे येतो का? रेडिओ एकाच बाजूने जातो. तुमच्या हेडफोनमध्ये तुमचाच आवाज येतो, दुसरं काही नाही."

"तू मशीनकडे देख, माय. मी गावेसकडे देखस."

"म्हणजे तुम्हाला ऐकू येतं?"

"उत्तर उनं नही, ते चिंचोका टाकस का मी?"

आणि खरंच, एकदा नाही टाकला. धानोऱ्याचं नाव घेतलं, थांबले, परत घेतलं, परत थांबले. चिंचोका टेबलावर ठेवून दिला आणि माईकवर म्हणाले, "धानोरावाला, काय व्हयनं रे भो? गप का बरं?" नऊला फोन आला. रात्री गावची डीपी जळाली होती, गावात वीज नाही, कुणाचे रेडिओ बंद, कुणाचे मोबाईल मेलेले. ऐकायलाच कुणी नव्हतं, तर बोलणार कोण? मी म्हटलं योगायोग. आमचा ऑफिसबॉय म्हणाला, "ताई, योगायोगले चिंचोका समजस का?" मी त्याला चहा आणायला पिटाळलं.

आमची वस्ती या यादीत नव्हती. सारंगखेड्याच्या पुढे तापीच्या काठाला पंधरा-वीस घरं, केळी आणि कापूस, मळावस्ती म्हणतात. एवढ्याशा वस्तीची कोण हजेरी घेणार? पण मी कामाला लागल्यावर जिभाऊंनी स्वतःहून म्हटलं, घरून एक चिंचोका आण. मी थट्टेने मूठभर आणले. त्यांनी त्यातला एकच निवडला, बाकीचे परत केले. दुसऱ्या दिवशी सारंगखेड्याच्या पाठोपाठ "मळावस्ती शे काऽ?" झालं तेव्हा, खोटं कशाला बोलू, माझा ऊर भरून आला. काचेमागून मीच "शे" म्हटलं आणि त्यांनी माझ्याकडे न बघता चिंचोका टाकला.

पुढच्या पावसाळ्यातली गोष्ट. रोजच्यासारखी हजेरी चाललेली. मळावस्ती आली. मी शे म्हटलं. चिंचोका पडेना. मी काचेतून बघते तर ते तो दोन बोटांत धरून बसलेत, मान वाकडी, एक कान झाकलेला. पुन्हा म्हणाले, "मळावस्ती शे काऽ?" पुन्हा थांबले. रेडिओवर इतका वेळ शांतता म्हणजे आमच्या धंद्यात पाप. मग त्यांनी मान वर करून थेट माझ्याकडे बघितलं आणि चिंचोका टेबलावर ठेवला.

मला संताप आला. म्हातारा आता माझ्या घरावर प्रयोग करतोय? तरी हात फोनकडे गेलाच. आईचा फोन वाजतोय, उचलत नाही. शेजारचा वाजतोय, उचलत नाही. काकांचा, चुलत भावाचा. अख्खी वस्ती फोन उचलेना. साडेआठला भावाने उचलला. केळीतल्या मोटारीचा बाबांना झटका बसला होता आणि लहानथोर सगळी माणसं मळ्यात धावली होती. लाकडाने मोटारीपासून सोडवलं, गाडीत घातलं. बाबा वाचले, पण चार दिवस दवाखान्यात काढले.

नंतर आईने सांगितलं ते मला आजही आठवू नये असं वाटतं. ती बाबांना गुंडाळायला गोधडी आणायला एकटी धावत वस्तीवर आली होती. "बठा, सगळा दारे उघडा. कोठेच चिटपाखरू नही. आनि बठा घरेसमा रेडू चालू. पंधरा घरेसमाईन जिभाऊ एकदम इचारस, मळावस्ती शे का? माले शे म्हनानं व्हतं, पोरी. आवाजच फुटना नही."

त्यानंतर मी योगायोग हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारला नाही. कानाला खडा.

यादीत सगळ्यात शेवटी एक नाव यायचं. निंबटेक. त्याचा चिंचोका काळा पडलेला, घासून गुळगुळीत झालेला, इतरांपेक्षा लहान. "निंबटेक शे काऽ?" म्हणताना जिभाऊंचा आवाज खाली यायचा, आणि टक मात्र लगेच व्हायची. कधी थांबणं नाही, कधी दुसऱ्यांदा विचारणं नाही.

निंबटेक हे गाव नाही. म्हणजे होतं. जिभाऊंचं जन्मगाव ते. ते शाळेत असताना खाली धरण झालं, त्याचं पाणी मागे सरकत सरकत आलं, आणि लोकांना वर टेकाडावर कॉलनी पाडून दिली. गाव पाण्यात राहिलं. वैशाखात पाणी उतरलं की घरांचे ओटे तेवढे वर येतात, मग पुन्हा आत. मी विचारलं होतं, "तठे कोन शे, जिभाऊ? सगळे तर वर आले."

"ज्या ऱ्हायनात, त्या."

"कोण राहिलं?"

त्यांनी मिरचीचं देठ कागदात गुंडाळलं आणि म्हणाले, "जाहिरात लाव, माय. येळ व्हयना."

तर अशा माणसाची नोकरी गेली. आमच्या मालकांनी स्टेशन मुंबईच्या एका कंपनीला जोडलं. तिथे एक पोरगा एका खोलीत बसून बोलणार आणि तोच कार्यक्रम एकाच वेळी कितीतरी शहरांत वाजणार. सकाळचे चार तास त्याचे. मला फक्त त्यांची वायर आमच्या मशीनला जोडून बसायचं होतं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो म्हणत होता, "हैलो हैलो, मेरे शहर वालों! कैसा है मेरा शहर?" कुठलं शहर, ते त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं. आवाज गोड होता, हसणं तर फारच गोड. पण विचारून झालं की श्वासभरही थांबायचा नाही.

मालक मला म्हणाले, "जिभाऊंना तू सांग. तुझं ऐकतात ते." मॅनेजर म्हणाले, "हो, ताईनेच सांगावं." हे दोघे बाप्ये, जिभाऊंच्या मांडीवर खेळल्यासारखे त्यांना मान देणारे, आणि वाईट बातमी सांगायची वेळ आली तेव्हा ताई! मी दोघांना चार शब्द सुनावले. आणि घरी आले. आणि मीही सांगितलं नाही. हीच आमची जात. आमच्याकडे वडीलधाऱ्याला 'तुमचं काम संपलं' असं तोंडावर कुणी सांगत नाही. लोक लग्न मोडतात तेसुद्धा तिसऱ्याच्या हाती निरोप देऊन.

मी जे केलं ते असं. सोमवारी मुंबईची वायर जोडली. आमच्या टॉवरवरून मुंबईचा पोरगा बोलू लागला. जिभाऊ नेहमीसारखे आले, चपला फिरवल्या, दारावर टकटक केली, मिरची खाल्ली. मी त्यांच्या माईकवरचा लाल दिवा लावला. त्यांच्या हेडफोनमध्ये त्यांचाच आवाज सोडला. त्यांचं बोलणं त्या खोलीच्या बाहेर कुठेही जात नव्हतं. मनाशी म्हटलं, दोन दिवस जाऊ देत, धीर आला की सांगू. तोवर म्हाताऱ्याला काय कळणार?

काचेपलीकडे ते बोलत होते. कुणाची गंधमुक्ती, कुणाची हरवलेली पिशवी, वरच्या अंगाला पाऊस. माझ्या एका कानात ते आणि दुसऱ्या कानात तो मुंबईचा, हसत. सात चाळीस झाले. "धानोरा शे काऽ?"

टक झाली नाही.

त्यांनी चिंचोका टेबलावर ठेवला. "म्हसावद शे काऽ?" थांबले. टेबलावर ठेवला. प्रकाशा. टेबलावर. सारंगखेडा. टेबलावर. मळावस्ती. मी काचेमागे होते, तरी मला शे म्हणता आलं नाही. एकेक गाव घेत गेले आणि एकेक चिंचोका टेबलावर ओळीने मांडत गेले. त्यांचा आवाज जराही हलला नाही. शेवटी तो काळा चिंचोका उचलला.

"निंबटेक शे काऽ?"

टक.

जिभाऊ उठले, ओळ मोडून चिंचोके गोळा केले, उजव्या डब्यात भरले. "येस, माय," म्हणून निरोप घेतला आणि गेले.

मंगळवारी तसंच. बुधवारी तसंच. टेबलावर चिंचोक्यांची रांग आणि डाव्या डब्यात एकटा काळा चिंचोका. मी म्हणायची, उद्या सांगते. बुधवारी रात्री जेवण गेलं नाही मला. आईने विचारलं, "जिभाऊ कोठे गया वं? रेडूवर तो कोन हसी ऱ्हायना?" मी तिच्यावरच खेकसले.

गुरुवारी हजेरी झाल्यावर ते सरळ निघून गेले नाहीत. माझ्या खोलीच्या दाराशी आले, टकटक केली आणि एक श्वास थांबले. मग आत येऊन दोन्ही डबे माझ्यासमोर ठेवले.

"माईक बंद शे ना, माय?"

मी मान खाली घातली.

"पहिलाच दिन समजनं माले. बठा गावे एकदम गप कशा व्हतीन?"

"मग चार दिवस कशाला आलात?" मी ओरडलेच. रडायच्या ऐवजी मला ओरडता येतं, तशीच आहे मी. "कळलं होतं तर शिव्या द्यायच्या, निघून जायचं!"

"तुले सांगता येत नव्हतं," ते म्हणाले. "मी उनू नसतू, ते तुले वाटतं, मन्हामुळे म्हातारा गया. म्हनीसन उनू."

मी चार दिवस त्यांना सांभाळत होते असं मला वाटत होतं. सांभाळत ते होते, मला. मी त्यांचे पाय धरले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि डाव्या डब्यातून काळा चिंचोका काढून खिशात टाकला.

"हाऊ मन्हा. बाकीना तुन्हाजोडे ठेव."

"निंबटेक एकटंच बोलतं का?" मी विचारलं. विचारू नये ते विचारलं.

"त्यासले रेडू लागत नही," जिभाऊ म्हणाले. जिना उतरताना त्यांच्या चपलांचा आवाज बराच वेळ येत राहिला.

वैशाखात मी त्यांच्या कॉलनीवर गेले. काकू, म्हणजे त्यांची बायको, म्हणाल्या, "त्या काठवर बसेल शेतीन." आमच्याकडे मानाच्या पुरुषाला ते न म्हणता त्या म्हणतात. पाणी खूप खाली गेलं होतं. भेगाळलेला गाळ, त्यात दगडी ओटे, ओट्यांमधून गेलेली गल्ली, एका निंबाचं काळं खोड. ऊन रणरणत होतं आणि सगळीकडे इतकी शांतता की मला माझीच कानशिलं ऐकू येत होती. जिभाऊ एका दगडावर बसले होते, चपला बाजूला काढलेल्या. मी शेजारी जाऊन बसले.

"पानी उनं तवय निंबटेक बुडं नही, माय," ते म्हणाले. "त्याना बाद धा-पंधरा साल कोनी नावच लिधं नही. सात-बारामा नही, बसना पाटीवर नही, तोंडमा नही. तवय बुडं. मी रेडूवर नाव लिधं, ते वर उनं." मग हळूच म्हणाले, "आते बठा गावेसना नंबर शे. पानी येवो का नही. दिनमाईन एकदाव नाव लेनारं कोनी पाहिजे. तू लेशी का? एकदाव. मन्हाकरता नही."

मी काय म्हटलं? मी म्हटलं, "जिभाऊ, नोकरी जाईल माझी."

"ते बी खरं शे," ते म्हणाले, आणि त्यात राग अजिबात नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. निघताना मी वळून बघितलं. त्यांच्या चपला बाजूला होत्या, पण या खेपेला फिरवून ठेवलेल्या नव्हत्या. तोंड पाण्याकडेच होतं.

श्रावण लागला. वरच्या अंगाला धो धो पाऊस. एका सकाळी सातला मी स्टेशनवर पोहोचले तर सरकारी कचेरीतून फोन. वरून पाणी सोडलंय, दुपारपर्यंत तापी काठ सोडणार, नदीकाठच्या लोकांना सांगा, गुरं सोडा, मोटारी काढा. मी मुंबईला फोन लावला. पलीकडचा म्हणाला, "मैडम, लाइव में बीच में काट नहीं सकते. मेल डाल दीजिए." मेल! आमच्या बापाच्या मोटारी नदीवर आणि मी मेल टाकू? पुन्हा लावला. तेच. मालकांचा फोन बंद. आणि रेडिओवर तो गोड पोरगा म्हणत होता, "क्या सुहाना मौसम है मेरे शहर में!"

मी वायर धरली आणि हिसकून काढली.

हसणं मधेच तुटलं. मी पळत काचेपलीकडे गेले, जिभाऊंच्या खुर्चीवर बसले, माईक उघडला. आयुष्यात कधी माईकवर बोलले नव्हते. अहिराणीत बोलले, जशी घरी बोलते तशी, ओरडून. पाणी येतंय, काठ सोडा, ढोरं सोडा, मोटारी काढा, पोरांना नदीकडे जाऊ देऊ नका. तीनदा सांगितलं. मग घड्याळाकडे बघितलं.

सात चाळीस.

नोकरी तर गेलीच होती. डबे त्या दिवसापासून माझ्याच खणात होते. मी ते समोर ठेवले, हेडफोन लावला, एक चिंचोका उचलला.

"धानोरा शे काऽ?"

मी थांबले. मला काही ऐकू आलं नाही. खोटं सांगणार नाही, अगदी काहीही ऐकू आलं नाही, नुसती खरखर. तरी चिंचोका टाकला. टक. म्हसावद, प्रकाशा, सारंगखेडा. मळावस्ती. तिथे मात्र मला आईचा चेहरा दिसला, आणि मी दोन श्वास थांबले. टक. एकेक करत सगळी गावं घेतली. उजवा डबा रिकामा झाला. मी तळ बघितला, हात फिरवून बघितला. पत्रा, बस. निंबटेकचा चिंचोका जिभाऊ घेऊन गेले होते.

सोडून देणार होते मी. टाकायला चिंचोकाच नाही तर विचारायचं कशाला? पण ते उन्हातले ओटे डोळ्यांसमोर आले, आणि मी दिलेलं उत्तर.

"निंबटेक शे काऽ?"

माझे दोन्ही हात टेबलावर होते. खोलीत मी एकटी. हेडफोनमधली खरखर एकाएकी थांबली, पाण्यात डोकं घातल्यावर जग थांबतं तशी. आणि डाव्या डब्यात टक झाली.

फोन वाजायला लागले. मुंबई, मालक, मॅनेजर, पुन्हा मुंबई. मी एकही उचलला नाही. मग एक अनोळखी नंबर आला. तो का उचलला ते सांगता येणार नाही. काकू होत्या, कुणाच्या तरी मोबाईलवरून.

"माय, त्या गयात वं."

"कव्हय, काकू?"

"पहाटले. तांबडं फुटाना आधी. झोपमाच." त्यांचा आवाज रडून रडून बसला होता. "आते बठी कॉलनी तुन्ही हजेरी ऐकी ऱ्हायनी व्हती. मानसे रडी पडनात. येवढी वाट दखी त्यासनी. रोज सकायले रेडू लावेत, तुन्हा आवाज येस का म्हनीसन. आनि नेमकं आजच त्यासले ऐकाले भेटनं नही."

समोर डावा डबा होता. मी त्यात बघितलं नाही, चिंचोके मोजले नाहीत. झाकण शोधलं आणि घट्ट लावलं.

"भेटनं, काकू," मी म्हटलं. "निंबटेकनी हजेरी लागनी."